थांबणाऱ्याला खबर हवी

(द्वितीय वर्ष कला)

वार्षिक अंकात मोठ्या विषयांवर लिहावे अशी प्रथा आहे. हुंडा, पर्यावरण, बेकारी, तरुणांचे कर्तव्य हे विषय आपण सर्वांनी मागील अंकांतून वाचले आहेत, आणि ते वाचण्याजोगे आहेतच. माझा विषय मात्र बोटभर रुंदीचा आहे. संगणकाच्या पडद्यावर आपण एखादी फाइल ‘अपलोड’ करतो, म्हणजे आपल्याजवळचा कागद दूरच्या संगणकाकडे पाठवतो. त्या वेळी कागद किती गेला आणि किती राहिला हे दाखवणारी जी पट्टी असते, ती असावी की नसावी आणि असली तर कशी असावी, एवढाच हा प्रश्न. तो वाटतो तितका क्षुल्लक नाही, हे दाखवण्याचा प्रस्तुत लेखात माझा प्रयत्न आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा संगणकाविषयी मी अधिकारवाणीने बोलावे असे काही नाही. परंतु गेल्या वर्षापासून संध्याकाळचे दोन-तीन तास मी तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात काम करते. तेथे शिष्यवृत्तीचे, पीकविम्याचे, नोकरभरतीचे, दाखल्यांचे अर्ज भरले जातात. केंद्राच्या मालकांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांनी आणि विज्ञान शाखेतील एका मैत्रिणीने मला यातील यंत्रणा समजावून दिली. काही मी स्वतः वाचून काढली. जे समजले ते साध्या शब्दांत सांगते.

कागद जातो कसा?

आपण उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो काढतो आणि ‘पाठवा’ हे बटण दाबतो. तो फोटो अखंड उचलून नेला जात नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे होतात आणि ते एकामागून एक पाठवले जातात. पलीकडचा संगणक मिळालेल्या तुकड्यांची पोच देत राहतो. पोच आली नाही तर तो तुकडा पुन्हा जातो. हे सारे पडद्यामागे चालते. पाहणाऱ्याला मात्र उत्तर मिळते ते अगदी शेवटी, सगळे तुकडे पोचल्यावर. मधल्या काळात काय चालले आहे हे पानाने आपणहून दाखवले नाही, तर समजण्याचा मार्ग नाही.

मधला काळ किती असतो? एक हिशोब करून पाहू. २० लाख बाइटची फाइल घेतली, तर एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे १ कोटी ६० लाख बिट झाले. सेकंदाला २ लाख ५६ हजार बिट वर जात असतील, तर या फाइलीला साडेबासष्ट सेकंद लागतील. हाही झाला कागदावरचा हिशोब. रेंज कमी-जास्त झाली, तुकडे गळाले, एकाच जोडणीवर चार जण बसले, की त्याचे चार-पाच मिनिटे सहज होतात. अर्जाला जोडायचे कागद पाच असले, तर पाचदा हेच. शिवाय घरोघरी येणाऱ्या बहुतेक जोडण्यांत खाली येण्याचा वेग जास्त आणि वर जाण्याचा कमी ठेवलेला असतो. चित्रपट सुरळीत दिसतो तेथे दाखलाही सुरळीत जाईल, असे समजण्याचे कारण नाही.

पट्टीचा इतिहास

वेबपानावरील अर्जातून फाइल पाठवण्याची रीत नोव्हेंबर १९९५ मध्ये लेखी मांडली गेली. ज्या कंपनीच्या नावावरून आपण छायाप्रतीला ‘झेरॉक्स’ म्हणतो, त्याच कंपनीतील नेबेल आणि मॅसिंटर या दोघांनी ती मांडली. पाठवायची सोय झाली. पण किती गेले हे पानाला कळण्याची सोय नव्हती. पुढची कित्येक वर्षे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी त्यावर नाना युक्त्या केल्या. कोणी पलीकडच्या संगणकाला आलेले बाइट मोजायला लावले आणि पानाकडून दर सेकंदाला ‘आता किती?’ असे विचारून घेतले. २००५ मध्ये आलेल्या फ्लॅश ८ ने ही मोजणी देऊ केली, तेव्हा कित्येकांनी फक्त पट्टीसाठी फ्लॅश वापरले. त्या फ्लॅशचा आधार कंपनीने २०२० च्या अखेरीस काढून घेतला.

खरा मार्ग मोकळा झाला तो २००८ नंतर. पानाने पलीकडच्या संगणकाशी बोलण्याच्या ‘एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट’ नावाच्या साधनाचा दुसरा मसुदा त्या वर्षी आला. त्यात ब्राउझरनेच पानाला खबर द्यावी अशी तरतूद होती. किती बाइट गेले हा एक आकडा आणि एकूण किती हा दुसरा. पहिल्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणले की टक्के निघाले. २० लाखांपैकी ५ लाख गेले, तर २५ टक्के. ही खबर सेकंदाच्या साधारण विसाव्या भागाने येत राहते. फायरफॉक्सने २००९ मध्ये ही सोय दिली आणि २०१२ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर १० पर्यंत सर्व मोठ्या ब्राउझरांत ती आली. असंख्य संकेतस्थळे ज्या पीएचपी भाषेत लिहिली जातात, तिच्यातही २०१२ च्या ५.४ या आवृत्तीपासून पलीकडच्या बाजूने मोजणी करण्याची सोय आली.

हा इतिहास सांगण्याचे कारण इतकेच, की ‘आम्हाला दाखवता येत नाही’ असे म्हणण्याचे दिवस केव्हाच संपले आहेत. आज जेथे पट्टी नाही, तेथे ती कोणीतरी घातलेली नाही.

थांबणे आणि ताटकळणे

आमच्या केंद्रात दिवसभरात सर्वांत जास्त वेळा उच्चारले जाणारे वाक्य कोणते, असे मला विचाराल तर मी सांगेन: ‘ताई, गेलं का?’ म्हातारे बाबा असतील तर ‘पोरी, गेलं का गं?’ काही पानांवर पट्टी असते. मी वळून सांगते, ‘बाबा, निम्मं गेलं, अजून दोन मिनिटं.’ बाबा निवांत होतात, तंबाखू मळतात. काही पानांवर नुसते एक चक्र गरागरा फिरत असते. तेथे माझ्यापाशी उत्तर नसते.

मागील हिवाळ्यात माझ्याच वर्गातील एका मैत्रिणीची आई तिच्याबरोबर शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आली होती. आईच्या अंगठ्याचे काम होते, म्हणून तिने मजुरीचा खाडा केला होता. चार कागद गेले. पाचव्याला चक्र फिरू लागले. पाच मिनिटे झाली, दहा झाली. आता प्रश्न असा, की थांबावे की पान पुन्हा उघडावे? कागद नव्वद टक्के गेला असेल आणि पान पुन्हा उघडले, तर नव्वद टक्के वाया. कारण पान पुन्हा उघडताच चाललेले पाठवणे तुटते आणि आरंभापासून सुरू करावे लागते. कागद अडकलेलाच असेल आणि आपण थांबलो, तर थांबणे वाया. शहाणपणाने निर्णय घ्यावा तर हातात एकही आकडा नाही. आम्ही थांबलो. वीस मिनिटांनी पानावर मजकूर आला, की तुमची वेळ संपली आहे, पुन्हा प्रवेश करा. तोवर केंद्र बंद करण्याची वेळ झाली होती. दुसऱ्या दिवशी त्या माउलीचा दुसरा खाडा झाला.

त्या चक्राऐवजी ‘१२ टक्के’ असा आकडा तिसऱ्या मिनिटालाही बारावरच थांबलेला दिसता, तर अण्णांनी लगेच दुसऱ्या फोनची जोडणी लावली असती. पट्टीने नेटचा वेग वाढत नाही हे मला मान्य आहे. पण पट्टीने निर्णय घेता येतो. आणि निर्णय घेता येणे ही गरिबाच्या बाबतीत चैन नव्हे. त्यात एक दिवसाची मजुरी असते.

हा केवळ माझा अनुभव नाही. ब्रॅड मायर्स नावाच्या संशोधकाने १९८५ सालीच, म्हणजे वेबचा जन्म होण्यापूर्वी, ‘किती टक्के झाले’ हे दाखवणाऱ्या खुणांविषयी शोधनिबंध सादर केला होता. अशी खूण असलेली कामे लोकांना अधिक पसंत पडतात, असे त्यात दिसून आले. जेकब नील्सन यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात तीन मर्यादा सांगितल्या. एक दशांश सेकंदात उत्तर आले, तर ते तत्काळ आले असे वाटते. एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांपलीकडे मात्र माणसाचे लक्ष टिकत नाही, म्हणून तेवढ्या लांबलेल्या कामात किती झाले हे दाखवत राहावे. दहा सेकंद! आमच्याकडे वीस मिनिटे चक्र फिरते.

कोणी म्हणेल

कोणी म्हणेल, ही निव्वळ सजावट आहे. अर्ज पोचल्याशी मतलब. माझे उत्तर असे, की रजिस्टर पत्राला लोक जादा पैसे भरून पोचपावती जोडत, ती सजावट म्हणून नव्हे. पत्र पोचण्याइतकेच ते पोचल्याचे कळणे महत्त्वाचे असते, हे आपले वाडवडील जाणून होते.

दुसरा कोणी म्हणेल, की आता नेटचा वेग वाढला आहे. दोन सेकंदांत जाणाऱ्या फाइलीला पट्टी कशाला? ज्यांच्या फाइली दोन सेकंदांत जातात त्यांचे म्हणणे त्यांच्यापुरते बरोबर आहे. पण पान तयार करणारा माणूस शहरातील कचेरीत, वेगवान जोडणीवर बसून ते तपासतो आणि वापरणारा तालुक्याच्या टोकाला बसून ते भरतो. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच हा प्रकार झाला. वास्तविक ब्राउझरमध्येच नेट मुद्दाम मंद करून पाहण्याची सोय असते. पान लोकांसमोर ठेवण्यापूर्वी ते एकदा मंद करून, त्यासमोर स्वतः दहा मिनिटे बसून पाहावे, एवढीच विनंती आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. तो असा, की पट्टी खोटे बोलते. हे खरे आहे, आणि त्याचा विचार केल्याशिवाय पट्टीची बाजू घेणे योग्य होणार नाही.

खरी पट्टी, खोटी पट्टी

पट्टी दोन प्रकारे खोटी ठरते. पहिला प्रकार सरळ फसवणुकीचा. बाइट मोजायचेच नाहीत. घड्याळ लावून पट्टी आपली हळूहळू पुढे सरकवत ठेवायची. पाहणाऱ्याला वाटते काम चालले आहे. प्रत्यक्षात नेट केव्हाच तुटलेले असते. यापेक्षा फिरते चक्र परवडले. ते निदान काही सांगितल्याचा आव आणत नाही.

दुसरा प्रकार नकळत घडणारा आहे. ब्राउझर मोजतो ते ‘माझ्याकडून निघाले’ एवढेच. निघालेले बाइट मधल्या एखाद्या संगणकाने साठवून धरलेले असू शकतात. सगळे पोचल्यावरही पलीकडे फाइल तपासणे, जपून ठेवणे, तिची नोंद करणे ही कामे उरतातच. म्हणून पट्टी १०० टक्क्यांवर जाऊन बसते आणि पुढे काहीच होत नाही. आमच्या केंद्रात लोक १०० पाहून उठू लागतात. त्यांना हात धरून बसवावे लागते. १०० चा अर्थ सामान्य माणसाच्या लेखी ‘झाले’ असाच असतो, आणि त्याचे काही चुकत नाही.

यावर उपाय अवघड नाही. दोन टप्पे वेगळे दाखवावेत. आधी ‘पाठवत आहे, ७२ टक्के’. मग ‘फाइल पोचली, तपासणी चालू आहे’. आणि शेवटी ‘स्वीकारली’, त्याखाली फाइलचे नाव, वेळ आणि नोंदणी क्रमांक. शेवटची ओळ पलीकडच्या संगणकाचे उत्तर आल्याखेरीज कदापि दाखवू नये. म्हणजे पट्टी खोटे बोलते हा आक्षेप पट्टी काढून टाकण्याचे कारण ठरत नाही. ती खरी करण्याचे कारण ठरतो.

नुसती पट्टी पुरत नाही

येथे परदेशातील एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. मे २०२० मध्ये कोरोनामुळे अमेरिकेतील ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा विद्यार्थ्यांनी घरून दिल्या. उत्तरे कागदावर लिहून त्यांचे फोटो अपलोड करण्याची मुभा होती. आयफोन आपले फोटो ‘एचईआयसी’ या प्रकारात साठवतो. परीक्षेचे पान तो प्रकार घेत नव्हते. त्यामुळे काही विद्यार्थ्यांचा पेपर लिहून पूर्ण झाला, पण पाठवता आला नाही. ज्यांचे उत्तर गेले नाही त्यांना पुन्हा परीक्षा देण्यास सांगण्यात आले. पुढे १८ मेपासून ज्यांचे अपलोड होणार नाही त्यांना उत्तरे ईमेलने पाठवण्याची सोय देण्यात आली. परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने म्हटले, की असे विद्यार्थी एक टक्क्याहून कमी होते. असतील. पण त्या एक टक्क्यातील प्रत्येकाच्या दृष्टीने नुकसान शंभर टक्के होते.

यातून बोध असा, की फाइलचा प्रकार चालेल की नाही, आकार मर्यादेत आहे की नाही, हे पाठवण्यापूर्वीच सांगितले पाहिजे. आजचा ब्राउझर हे दोन्ही निवडीच्या क्षणी जाणतो. पीएचपीमध्ये एका फाइलची मूळ मर्यादा २ मेगाबाइट असते. चालवणाऱ्याने ती बदलली नाही, तर त्याहून मोठी फाइल सबंध वर जाते आणि मग परत लोटली जाते. दाराशी ‘जागा नाही’ असे लिहिलेले असेल तर माणूस दुसरीकडे जातो. तासभर रांगेत उभे करून खिडकीशी तेच सांगणे म्हणजे त्याच्या वेळेला किंमत नाही असे मानणे.

तसेच नेट तुटल्यास जेथे तुटले तेथून पुढे पाठवण्याची सोय हवी. फाइलचे तुकडे करून, पलीकडे किती पोचले ते विचारून, उरलेलेच पाठवायचे, ही पद्धत आज ठाऊक आहे आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या साठवणुकीच्या सेवांत रोज वापरली जाते. अडलेल्या नडलेल्यांच्या अर्जांतही ती असावी.

आणखी एक गोष्ट. रंगीत पट्टी डोळसांना दिसते. आपल्या दृष्टिहीन बंधुभगिनींचे काय? पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्यांना शब्द आणि आकडा ऐकवू शकतो, नुसते फिरते चित्र नाही. २०१४ मध्ये प्रमाण ठरलेल्या एचटीएमएल ५ मध्ये अशा पट्टीसाठी ‘प्रोग्रेस’ हा वेगळा घटकच आहे. तो वापरला आणि सोबत मराठीत ‘७२ टक्के पाठवले’ असे लिहिले, तर डोळ्यांनी आणि कानांनी दोन्हीकडून खबर मिळते.

प्रश्न पट्टीचा नाही

खरे सांगायचे तर मला या पट्टीत जे दिसते ते यंत्राच्या पलीकडचे आहे. आमच्या मागच्या पिढीने कचेऱ्यांच्या ओसरीवर आयुष्याचे किती दिवस काढले, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. ‘बसा तिकडे, सांगतो’ हे शिपायाचे वाक्य त्यांनी हजारदा ऐकले. साहेब आहेत की नाहीत, कागद टेबलावर आहे की टेबलाखाली, काही विचारायची सोय नव्हती. संगणक आला तेव्हा आम्हाला सांगण्यात आले की आता हेलपाटे संपले. पुष्कळ अंशी संपलेही. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु जे फिरते चक्र काहीच सांगत नाही, ते तोच ‘बसा तिकडे, सांगतो’ म्हणणारा शिपाई आहे. फक्त त्याचा खाकी सदरा तेवढा गेला आहे.

माहिती मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे असे या देशाने २००५ मध्ये कायदा करून मान्य केले. त्या कायद्याच्या व्याख्येत आमची पट्टी बसते असे मी म्हणत नाही. पण ज्याचा कागद आहे त्याला आपला कागद आता कोठे आहे हे कळले पाहिजे, या तत्त्वात दोन्हींचे मूळ एकच आहे.

म्हणून माझी मागणी दोघांकडे आहे. आपल्या महाविद्यालयातील जे विद्यार्थीमित्र उद्या प्रोग्रॅम लिहिण्याच्या व्यवसायात जातील, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे: आकार आणि प्रकार आधी सांगा, बाइट खरे मोजा, पोचल्याशिवाय पोचले म्हणू नका, तुटले तर तसे स्पष्ट सांगा आणि तेथूनच पुढे न्या, आणि हे सारे वापरणाऱ्याच्या भाषेत लिहा. हे काम करायला काही दिवस लागतील. पण एक जण ते एकदा करील आणि हजारो जण त्यामुळे ताटकळायचे वाचतील.

दुसरी विनंती आदरणीय प्राध्यापकवर्गाला. अलीकडे प्रकल्प आणि स्वाध्याय फाइल पाठवूनच द्यावे लागतात. मुदतीच्या रात्री ज्याची फाइल पोचली नाही, तो आळशी होता असे मानण्यापूर्वी, त्याच्या पडद्यावर काय दिसत होते हे कृपया विचारावे. जेथे आपण स्वतः साधन निवडता, तेथे पट्टी आणि पोच देणारे साधन निवडावे. जेथे ते शक्य नसेल, तेथे ‘मिळाले’ हे तीन अक्षरांचे उत्तर तरी पाठवावे. ते लिहायला आपल्याला पाच सेकंद लागतील. पलीकडे कोणीतरी त्यानंतर निर्धास्त झोपेल.